इब्राहिमचे दोन कागद

पक्षकाराचा कागद हरवणे हे लक्ष्मणराव शेवकरी वकिलांच्या लेखी पाप होते. तीस वर्षांच्या वकिलीत त्यांच्याकडून एक चिटोरेही गहाळ झाले नव्हते. पिंपरीच्या बाजारात एका धान्याच्या दुकानावर त्यांची कचेरी होती. तिच्यात खुर्च्या तीनच, पण लोखंडी कपाटे चार. एखादा व्यापारी धापा टाकत यायचा आणि म्हणायचा, "वकीलसाहेब, तो सेहेचाळीस सालचा साखरेचा परवाना..." की लक्ष्मणराव जागचे न उठता कपाटाचा आणि कप्प्याचा नंबर सांगत. म्हातारा कारकून गेनबा तिथे हात घालायचा आणि परवाना बाहेर यायचा. व्यापारी तोंडात बोट घालायचा. लक्ष्मणराव चेहऱ्यावर काही दाखवत नसत, पण आतून त्यांना गुदगुल्या होत असत.

ते मूळचे चाकणचे. घरात कांदा-बटाट्याची शेती, आणि काळा कोट अंगात घालणारे घराण्यातले हे पहिलेच. सुरुवातीची दहाएक वर्षे त्यांनी खेडच्या कोर्टात बांधाचे आणि विहिरीच्या पाळीचे दावे चालवले. दावे लांबलचक, पक्षकार फाटके, त्यातही निम्मे नात्यातले, म्हणजे फी मागायचीही चोरी. मग लढाई आली आणि तिच्याबरोबर कंट्रोल आला. साखर, कापड, रॉकेल, तेल, सगळ्यालाच परवाना लागू लागला, आणि परवाना आला तिथे खटलाही आला. कंट्रोलने पुष्कळांच्या चुली विझवल्या, लक्ष्मणरावांची तेवढी पेटवली. ते बाडबिस्तरा घेऊन पिंपरीला आले. फाळणीनंतर तिथे निर्वासितांची छावणी बसली, छावणीभोवती दुकाने वाढली, आणि थोड्याच वर्षांत कारखान्यांच्या भिंती उभ्या राहू लागल्या. पुण्याच्या कोर्टात पिंपरी-चिंचवडचा एखादा शेठ आरोपी म्हणून उभा राहिला की त्याच्यासाठी शेवकरी वकील उभे राहणार, हे ठरूनच गेले.

'शेवकरी वकिलाचा शेठ गजाआड जात नाही,' असे बाजारात म्हणत. ते खरेच होते. कुणीतरी जायचे, पण शेठ जात नसे.

युक्ती साधी होती आणि ती लक्ष्मणरावांचीच. दुकानाचा परवाना काढताना शेठने आपल्या एखाद्या विश्वासू नोकराला कागदोपत्री भागीदार करून घ्यायचे. रुपयात एक आणा हिस्सा त्याचा. कराराचे पाचवे कलम लक्ष्मणराव स्वतःच्या हाताने लिहीत: 'दुकानाचा व मालाचा सर्व कारभार भागीदार नंबर दोन पाहतील.' धाड पडली की शेठ हात वर करायचे. मी नुसते भांडवल घातले, कारभार यांचा. मग भागीदार नंबर दोनला दंड व्हायचा, फार तर कोर्ट उठेपर्यंत कैद. संध्याकाळी सुटून तो कोर्टासमोरच्या हॉटेलात शेठच्या पैशाने भजी खायचा. एकजण तर म्हणाला होता, "साहेब, पुढच्या बारीला बी मलाच घ्या. दुकानात उभं ऱ्हाण्यापरास कोर्टात बसलेलं बरं." लक्ष्मणराव पोट धरून हसले होते. यात कुणाचे काही वाईट होते असे त्यांना वाटत नव्हते. तसे वाटू न देण्याची फीच त्यांना मिळत होती.

आता असा नोकर उद्या खरोखरच आपला आणा मागायला आला तर? त्याचीही तजवीज होती. कराराच्या वेळीच आणखी एका कागदावर त्याची सही घेतली जाई. त्यात लिहिलेले असे: 'मी पगारी नोकर आहे. वरील करार नावापुरता असून दुकानात माझा कसलाही हिस्सा नाही व पुढेही मागणार नाही.' साक्षीदार म्हणून खाली लक्ष्मणरावांची सही. हा कागद थेट चौथ्या कपाटात जाई. नोकराला सांगितले जाई की दोन प्रती आहेत, दोन्हींवर सही कर.

एकावन्न साली इब्राहिमने अशाच दोन सह्या केल्या.

इब्राहिम सावळाराम शेठच्या तेलगिरणीत मापाडी होता. काळेवाडीत राहायचा. घरात बायको ताजुन्निसा आणि एकुलती एक मुलगी नजमा. वीस वर्षे त्याने काट्यावर तेल मोजले होते आणि एकाही गिऱ्हाइकाने त्याच्या मापाला नाव ठेवले नव्हते. त्याला मराठी लिहायला सहीपुरतेच येत होते. त्या दिवशी तो इस्त्रीचा कुडता घालून कचेरीत आला, आणि करार आपल्याला मोठ्याने वाचून दाखवा म्हणाला. लक्ष्मणरावांनी वाचला. 'भागीदार नंबर दोन, इब्राहिम' हे शब्द आले तेव्हा तो म्हणाला, "तेवढं पुन्यांदा वाचा, साहेब." त्यांनी पुन्हा वाचले. दुसरा कागद वाचून दाखवा असे त्याने म्हटले नाही. प्रत कशाला कोण वाचून घेईल?

आधीच्या नोकरांना हे सगळे नाटक आहे हे न सांगता कळायचे. इब्राहिमला ते कळले नाही. वीस वर्षे इमानाने काम केले, शेठने त्याची जाण ठेवली, असे तो समजून चालला. त्याने गल्लीत पेढे वाटले. ताजुन्निसाने करार काचेच्या चौकटीत बसवून घेतला आणि दारावर आतल्या बाजूने टांगला. स्टँपपेपर चौकटीत लावणारे घर साऱ्या काळेवाडीत दुसरे नसेल. लक्ष्मणरावांच्या कानावर हे आले तेव्हा त्यांना जरा कसेसेच झाले, पण जरासेच.

दोन वर्षांनी नजमाचे लग्न झाले. मुलगा पिंपळे गुरवच्या बरकतमियाँचा. बरकतमियाँचे पिंपरी कॅम्पात सायकलींचे दुकान होते आणि स्वतःविषयी त्यांचे मत फार चांगले होते. मापाड्याची पोरगी करायला ते तयार नव्हते. घरी येऊन त्यांनी ती चौकट पाहिली, खाली बसले, आणि सोयरीक जमली.

पंचावन्न सालच्या पावसाळ्यात काळेवाडीत लोकांचे पाय सुजू लागले. आधी पाय, मग अंग, मग श्वास लागायचा. डॉक्टरांना आधी उमगेना. चार माणसे गेली. त्यातली एक कुशाबाई, इब्राहिमच्याच गल्लीतली, मागे दोन कच्चीबच्ची टाकून गेली. मग सरकारी माणसांनी घराघरांतून तेलाच्या बाटल्या उचलल्या आणि तपासात निघाले की गोड्या तेलात काटेधोत्र्याच्या विषारी बियांचे तेल मिसळलेले आहे. तेल सावळाराम शेठच्या गिरणीचे होते.

शेठ कचेरीत आला आणि नेहमीच्या खुर्चीत बसला. "आपला नेहमीचाच मामला," तो म्हणाला. "पाचवं कलम आहेच की."

"हा नेहमीचा मामला नाही, शेठ. माणसं मेलीत. यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे."

"म्हणूनच तुमच्याकडे आलो ना."

लक्ष्मणरावांना एकदम आठवले की दर दिवाळीला शेठ त्यांच्या घरी तेलाचा डबा पाठवतो, आणि एरवीही महिन्या-दोन महिन्यांनी एखादा येतो. शेवटचा डबा पावसाळ्याच्या तोंडाला आलेला. त्याचे सारे तेल मंजुळाबाईंनी, त्यांच्या बायकोने, कालच परसात ओतून दिले होते आणि रात्रभर स्वतःची पावले दाबून पाहिली होती. "आमच्याकडे आलेल्या डब्याचं काय?" त्यांनी विचारले.

"छे छे," शेठ म्हणाला. "तुमचा डबा वेगळा भरला होता. बिनघोर खा."

 वेगळा भरला होता, म्हणजे कुठला डबा कुणाकडे पाठवायचा हे या माणसाला ठाऊक होते. इब्राहिम काट्यावर उभा राहायचा. घाण्यात काय पडते हे त्याच्या बापजन्मी कधी त्याला दिसले नव्हते. हे सगळे लक्ष्मणरावांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या स्वच्छ कळले. आणि कळूनही त्यांनी दोघांचेही वकीलपत्र घेतले, शेठचेही आणि इब्राहिमचेही. आजवर तसेच चालत आले होते.

खटला उभा राहिला. त्या आठवड्यात लक्ष्मणरावांनी चौथ्या कपाटातून इब्राहिमचा दुसरा कागद स्वतःच काढला. गेनबाला सांगितले नाही. कागद कोर्टापुढे ठेवला तर इब्राहिम निव्वळ नोकर ठरत होता, कारभार शेठकडे जात होता, आणि इब्राहिम सुटत होता. इतके सोपे होते ते. पण त्याबरोबर शेठ आत जात होता, आणि बाजारातले झाडून सारे शेठ आपापला दुसरा कागद परत न्यायला दुसऱ्या दिवशी जिन्यावर रांग लावणार होते. लक्ष्मणराव तो कागद कोटाच्या आतल्या खिशात घालून पुण्याला जात आणि तसाच परत आणत. अशा अकरा तारखा झाल्या. मंजुळाबाई म्हणायच्या, "अहो, जेवणात लक्ष नाही तुमचं." ते म्हणत, "तेलाची चव बदललीय." वास्तविक तेल त्यांनी चिंचवडहून नवे आणवले होते.

बाराव्या तारखेला आरोपींचे जबाब होते. कोर्ट बसायच्या आधी लक्ष्मणरावांनी इब्राहिमला व्हरांड्याच्या टोकाला नेले आणि कागद काढून त्याला वाचून दाखवला. या खेपेस पूर्ण.

इब्राहिमने ऐकून घेतले. मग म्हणाला, "म्हंजी मी भागीदार नव्हतोच?"

"नव्हतास."

"ह्यो कागद तवाचाच?"

"त्याच दिवशीचा. इब्राहिम, चूक माझी आहे, तिचं काय करायचं ते नंतर बघू. आज मी हा कोर्टाला देतो. तू फक्त खरं सांग, की मी पगारी माणूस आहे. तू सुटशील."

इब्राहिमने पटांगणात पाहिले. पलीकडे पायऱ्यांवर बरकतमियाँ बसले होते. ते प्रत्येक तारखेला यायचे, आणि व्याह्यासाठी घरून डबा आणायचे. खटल्यात सापडलेला असला तरी व्याही भागीदार होता, मोठ्या मामल्यातला माणूस होता. दोघेजण त्या पायरीवर बसून जेवायचे.

"ते कोर्टात येऊन बसत्यात," इब्राहिम म्हणाला. "त्येंच्या म्होरं ह्यो वाचनार तुमी?"

"वाचावाच लागेल."

"मग नगं."

"दोन वर्षं होतील तुला. सक्तमजुरी."

"त्येंनी चौकट बघून पोरगी केलीया, साहेब. नजमाला दुसरं व्हायचं हाय. बापानं खोटा कागद दावून गळ्यात बांधली, आसं तिला जलमभर ऐकावं लागंल. मी दोन वर्सं काढीन. तिनं किती काढायची?" त्याने कागदाकडे बोट केले. "फाडा त्यो."

"इब्राहिम, विचार कर."

"केला. फाडा."

"फाडतो," लक्ष्मणराव म्हणाले.

आणि त्या क्षणी त्यांना सुटल्यासारखे वाटले. हे त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितले नाही, पण ते खरे होते. शेठ वाचला, बाजारातले नाव वाचले, चारही कपाटे वाचली, आणि हे सारे त्यांना न मागता मिळाले, तेही इब्राहिमच्याच तोंडून. लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण गाडीत बसल्यावर, घरी परतताना.

मॅजिस्ट्रेटने विचारले, "गिरणीचा कारभार कोण पाहत होतं?"

"मी," इब्राहिम म्हणाला. "मी भागीदार हाय." आवाज असा खणखणीत होता की शेवटच्या बाकापर्यंत गेला. तिथे बसलेल्या बरकतमियाँनी मान हलवली. पंधरा दिवसांनी निकाल लागला. शेठ निर्दोष सुटला. इब्राहिमला दोन वर्षे सक्तमजुरी झाली.

त्या जबाबाच्या दिवशी गाडी दापोडीच्या पुलावर आली तेव्हा लक्ष्मणरावांनी कागद खिशातून काढला होता. खाली नदी भरून वाहत होती. दोन्ही हातांनी त्यांनी कागद धरला. स्टँपाचे तिकीट होते, तारीख होती, इब्राहिमची बाळबोध सही होती, खाली त्यांची स्वतःची. फाडायला एक झटका पुरला असता. पण पक्षकाराचा कागद त्यांनी उभ्या जन्मात फाडला नव्हता. हात धजेना. पूल गेला, पिंपरी आली, आणि दुसऱ्या दिवशी कागद होता तिथे परत गेला. चौथे कपाट, सातवा कप्पा.

चौदाव्या महिन्यात इब्राहिम तुरुंगात काविळीने गेला. लक्ष्मणराव काळेवाडीला भेटायला गेले. ताजुन्निसा भिंतीला टेकून बसली होती, आणि समोर दारावर कराराची ती चौकट होती, काच नुकतीच पुसलेली. ती म्हणाली, "तुमी लई खटपट केली, वकीलसाब. आमचं नशीबच खोटं." लक्ष्मणरावांनी तिने दिलेले पाणी तसेच खाली ठेवले. आणि ते उठून आले.

इब्राहिम आत होता तोवर शेठ ताजुन्निसाला महिन्याचे काही पाठवत होता. इब्राहिम गेला आणि ते थांबले. तेव्हा बरकतमियाँनी, अगदी चांगल्या मनाने, विहीणबाईंना सांगितले की भागीदार मेला म्हणून हिस्सा मरत नाही, तो वारसाला मिळतो. पुण्यात ज्योतीराम म्हणून एक तरुण वकील होता, त्याच्यामार्फत दावा लावला. सोबत चौकटीतून काढलेला करार. नवी नक्कल मिळेपर्यंत चौकट रिकामीच राहिली.

शेठ पुन्हा जिना चढून आला. "इब्राहिमचा तो कागद द्या, वकीलसाहेब. दुसरा. मी दावा दुसऱ्या वकिलाकडे देतो, तुम्हाला साक्षीला यावं लागेल."

 लक्ष्मणरावांना हरवला म्हणायचे होते. उंदरांनी खाल्ला म्हणायचे होते. वाळवी, पाऊस, कारकुनाचा हलगर्जीपणा, कोर्टात दुसऱ्यांसाठी असल्या शंभर सबबी त्यांनी एका दमात सांगितल्या असत्या. इथे एक सुचेना. तोंड उघडेपर्यंत मागून गेनबाचा आवाज आला, "इब्राहिम मापाड्याचा ना? चौथं कपाट, सातवा कप्पा." आणि त्याने कागद आणून टेबलावर ठेवला. त्याला कोण कौतुक वाटत होते.

"तुमच्याकडे कागद म्हणजे तिजोरीत," शेठ म्हणाला आणि घडी करून घेऊन गेला. लक्ष्मणरावांना हात पुढे करून तो ओढून घेता आला असता. त्यांनी हात मांडीवरच ठेवला.

अठ्ठावन्न सालच्या मार्गशीर्षात त्यांची साक्ष झाली. पिंजऱ्यात उभे राहायची ही त्यांची पहिलीच वेळ. शेठच्या वकिलाने कागद दाखवला, सही तुमचीच का विचारले, ते हो म्हणाले. न्यायाधीशांनी कागद दाखल करून घेतला. शिरस्तेदाराने त्यावर निशाणी घातली आणि कोर्टाचा शिक्का मारला. मग ज्योतीराम उलटतपासणीला उठला.

"फौजदारी खटल्यात इब्राहिमचे वकील आपणच होता?"

"होय."

"हा कागद त्या वेळी आपल्यापाशी होता?"

"होय."

"आपण तो कोर्टापुढे आणला नाही."

"नाही."

ज्योतीराम आणखी काही विचारणार होता, पण न्यायाधीशांनी चष्मा काढून साक्षीदाराकडे पाहिले आणि तोही थांबला.  एवढ्या वर्षांत या खोलीत लक्ष्मणरावांकडे असे कुणी पाहिले नव्हते.

साक्ष ऐकून बाहेर आलेली ताजुन्निसा व्हरांड्याच्या टोकाला उभी होती. तीच जागा.

"वकीलसाब," ती म्हणाली, "त्यो कागद तवा दावला असता, तर ते सुटलं असतं?"

लक्ष्मणरावांपाशी उत्तर होते. त्यानेच नको म्हटले, त्यानेच फाडायला सांगितले, नजमासाठी. एवढे बोलले असते तर त्यांच्या डोक्यावरचे निम्मे ओझे उतरले असते. पण ते उतरून जाणार कुठे होते? या बाईच्या डोक्यावर, आणि तिच्या पोरीच्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक चांगली सबब हातात असून वापरली नाही.

"सुटला असता," ते म्हणाले.

ताजुन्निसा रडली नाही. तिने पटांगणात नजर फिरवली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आज व्याही आलं न्हाईत. दुकानात माल यायचा हुता. फुडल्या तारखेला येत्याल. मला हिस्सा नगं, दावा बी नगं. तेवढा कागद फाडून टाका. नजमाच्या घरात कळाया नगं."

"आता नाही फाडता येत, बाई. कोर्टात दाखल झाला. शिक्का पडला त्याच्यावर."

"आन् आदी?"

लक्ष्मणरावांच्या डोळ्यांपुढे दापोडीचा पूल आला.

"आधी येत होता," ते म्हणाले.

तिने पदर सारखा केला आणि पायऱ्या उतरून ती फाटकाकडे चालू लागली. त्या वर्षअखेर लक्ष्मणरावांनी कचेरी बंद केली आणि ज्याचे त्याचे कागद ज्याच्या त्याच्या घरी पोचते केले, एकही न हरवता. काळेवाडीतल्या त्या दारावर चौकट राहिली की उतरली, हे त्यांना कधी कळले नाही. त्या गल्लीतून ते पुन्हा गेले नाहीत.